ऐंशी मिलिग्रॅमची आई

२ मार्च
शाम शुई पो

आ-तुंग,

तुझं पत्र काल आलं. तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचायचं नाही म्हणून लगेच पाचव्यांदाही वाचून टाकलं. हसू नकोस. मूल येतंय म्हटल्यावर चारच्या आकड्याला जवळ फिरकू देणार नाही मी. चार म्हटलं की आपल्या लोकांना 'मर' ऐकू येतं, आता त्याला मी काय करू!

ऑगस्टच्या शेवटी म्हणजे अजून सहा महिने. दुकानात पेज शिजवता शिजवता मी बोटं मोजत होते, तर चोई मालक म्हणाला, "फोंग ताई, काय झालं? लॉटरी लागली का?" म्हटलं, नात किंवा नातू लागलाय. लॉटरीचं काय घेऊन बसलात!

तुझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या मँचेस्टरला येऊ शकत नाहीत, म्हणून बाळंतपणाचा महिना तू मला बोलावतेस. दुसरं कोणी नाही म्हणून बोलावतेस हे मला समजतं. मला चालतं. मी येते. बाळंतिणीसाठीची आलं-शिर्क्यातली डुकराची तंगडी आत्तापासून मनात शिजतेय. पहिले बारा दिवस केस धुवायचे नाहीत, गार पाण्यात हात घालायचा नाही, आणि आ-होला आधीच सांगून ठेव की सासू घरात आली की पंखा बंद.

फोन करू नकोस, पत्र लिही, असं लिहिलंस. का ते मला कळतं. फोनवर तू माझे शब्द ऐकत नाहीस, माझी जीभ जड झालीये का ते ऐकतेस. लहानपणापासून कान तसाच तयार झाला तुझा. तो मीच तयार केला.

तू सरळ विचारलंस, सरळ सांगते. पांढरी पावडर नाही. एकोणीस वर्षं झाली. आणि दवाखान्यातलं ते औषधही नाही. पाच वर्षांपूर्वी तुला सांगितलं होतं ना, तेसुद्धा सुटलं म्हणून? सुटलेलंच आहे. अगदी स्वच्छ.

बरं, तिथे जुनं आलं मिळतं का? कोवळं नको. नाहीतर मी इथून आणते. विमानात आलं नेऊ देतात का ते आ-होला विचार.

आई


१५ मार्च

आ-तुंग,

मागचं पत्र पोहोचलं असेल तर अर्धं फाडून टाक. आल्याचं ठेव, स्वच्छतेचं फाड.

तेरा दिवस माझं कशात लक्ष नाही. पेजेबरोबरच्या तळलेल्या काड्यांसाठी पीठ मळते तर मीठ दोनदा घालते. गिऱ्हाईक मुरवलेलं काळं अंडं मागतं, मी मासा देते. खोटं बोलणं मला नवीन नाही, सगळी उमर त्यावर काढली, पण हे एक खोटं आत जाऊन बसलंय आणि उठायचं नाव घेत नाही.

तर ऐक. पावडर नाही हे खरं आहे. तुझ्या आजीच्या कबरीची शपथ. पण औषध सुटलेलं नाही. रोज संध्याकाळी सहा वाजता मी दवाखान्याच्या खिडकीसमोर उभी असते. सिट बाई माझं कार्ड बघतात, मेथाडोन, म्हणजे पावडरच्या जागी देतात ते औषध, मोजून प्लास्टिकच्या पेल्यात देतात, मी त्यांच्यासमोर पिते. वर पाणी पिते. मग दोन शब्द बोलून दाखवायचे असतात, तोंडात धरून ठेवलं नाही हे त्यांना कळावं म्हणून. घरी न्यायला देत नाहीत. वादळ असो, ताप असो, नवं वर्ष असो, रोज खिडकीवर जायचं. पंच्याहत्तर मिलिग्रॅम. एकोणीस वर्षं.

नशा येत नाही त्याने. हे तू मानणार नाहीस. पण पहाटे उठून मी चाळीस लिटर पेज शिजवते ती काही झिंगून शिजवत नाही. ते प्यायलं की मी बाकीच्या माणसांसारखी होते, एवढंच.

मग पाच वर्षांपूर्वी खोटं का बोलले? तुझ्या लग्नाची मेजवानी होऊन गेली होती आणि मला ती तिसऱ्याकडून कळली होती. मी तुझ्या दारात आले. तू साखळी न काढता विचारलंस, "अजून पितेस का काही?" मी नाही म्हटलं आणि साखळी निघाली. हो म्हटलं असतं तर निघाली असती का? तूच सांग.

बघ, तुझ्यावर ढकलायला लागले. ही माझी जुनी खोड.

मनात काय आहे ते सांगते. मी ते बंद करीन. दहा ऑगस्टचं विमान म्हणालीस ना, तोपर्यंत शून्य. तू लिही काहीतरी. शिव्या लिही, पण लिही.

आई


२२ एप्रिल

आ-तुंग,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच ती, पत्र कसलं! 'शून्य. एक थेंब वर नाही. माझ्या घरात ते नको, माझ्या बाळाजवळ ते नको. शून्य झालीस तर ये.'

ठीक आहे. बरोबर बोललीस. तुझ्या शाळेत पालकसभेला येऊन मी बाकावर डोकं टेकून झोपले होते आणि पोरं माझ्या लाळेकडे बोट दाखवून हसत होती. तू दहा वर्षांची होतीस. ते पावडरचं होतं, औषधाचं नव्हतं, पण बाकावर झोपलेली बाई तुझीच आई होती. तुला हिशेब वेगळा कसा करता येईल?

तर मी कामाला लागले आहे. दवाखान्यातल्या डॉक्टर याउंना सांगितलं की मला खाली उतरायचंय. त्यांनी चष्मा वर केला. "फोंग ताई, एकोणीस वर्षं तुमचं सगळं नीट चाललंय. कशाला हात लावता? खालीच यायचं असेल तर सावकाश या. दोन वर्षं घ्या."

"दोन वर्षांत पोर चालायला लागेल," मी म्हटलं. "माझ्याकडे पाच महिने आहेत."

"औषधाला तुमचं विमान माहीत नसतं हो."

पण कमी मागणाऱ्याला ते नाही म्हणू शकत नाहीत. समजावतात, कागदावर लिहितात, सही घेतात आणि देतात. दर आठवड्याला पाच पाच उतरतेय. सत्तर, पासष्ट, साठ. गेल्या आठवड्यात पन्नास झाले! रांगेत कसला मान मिळाला म्हणून सांगू. आमच्या रांगेत कोणी कोणाला जेवलास का विचारत नाही, "किती पितोस" विचारतात. ज्याचा आकडा लहान, त्याची मान ताठ. वीसवाला तीसवाल्याशी साहेबासारखा बोलतो. आणि शंभरवाला बिचारा भिंतीकडे तोंड करून पितो.

फक्त जाडा कुनने मान दिला नाही. हा कुन माझ्याबरोबरच दवाखान्यात लागला होता, आता वाळून काडी झालाय, पण नाव जाडाच. तो स्वतः नव्वद पितो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "कोणाला दाखवायला उतरतेस?"

म्हटलं, "तुझ्या पोटात का दुखतंय?"

आता एक गंमत सांगते, रागावू नकोस. पन्नासनंतर येतात पंचेचाळीस, मग चाळीस. सगळी चारची वस्ती! तिथे दोन आठवडे काढायचे आणि तिकडे तुझ्या पोटात बाळ. मी डॉक्टरांना म्हटलं, मला ही वस्ती ओलांडून पलीकडे उतरवा. ते म्हणाले, "पंधरा मिलिग्रॅमची उडी? एकदम? आकड्याने कोणी मरत नाही, फोंग ताई, अशा उड्यांनी मरतात." मी अडून बसले. शेवटी पस्तीसच्या जरा वर, अडतीसवर तोडगा निघाला.

पहिल्या दिवशी सिट बाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि सगळी रांग खो खो हसली. आपल्याकडे तीन-आठ म्हणजे चोंबडी बाई! कुन ओरडला, "तीन-आठला तीन-आठ! सरकारला बरोबर माप सापडलं!" मीसुद्धा हसले. हसत हसत प्यायले.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

आई


६ मे

आ-तुंग,

तीसवर आहे. तब्येत एकदम ठणठणीत.

तू विचारलंस अक्षर असं का आलंय. उभ्याने लिहितेय म्हणून. बसलं की पाय ऐकत नाहीत. आडवं झालं तर लाथा मारतात, अंथरुणाला भोक पडलं टाचेच्या जागी. वय झालं, दुसरं काय. मधेच चालून येते, मग पुढची ओळ लिहिते. ही ओळ लिहायच्या आधी जिना उतरून पुन्हा चढून आले. सात मजले.

सर्दी झालीये. नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, एकामागून एक, जबडा दुखतो. अंगावर काटा येतो आणि घामही येतो. ऋतू बदलतोय ना.

मागच्या आठवड्यात पेजेचं भांडं उतरवताना हात थरथरला आणि मनगटावर सांडली. फार नाही. फोड आलाय, सुकेल. चोई मालक ओरडला, "ताई, तुमचं ध्यान कुठे असतं? बारा वर्षांत कधी थेंब सांडला नाही तुमच्या हातून!" मी उलट त्याच्यावर ओरडले. मग मागे जाऊन रडले. कशाला रडले देव जाणे. हल्ली रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगतात तेव्हाही रडू येतं.

कुन दुकानात पेज खायला येतो. परवा म्हणाला, "फोंग, वर जा. पन्नासवर जा, पंचावन्नवर जा. डॉक्टर एका शब्दात देतील."

"आणि विमान?"

"पेजेला किती पाणी लागतं ते तांदूळ ठरवतो. तुझी इज्जत ठरवत नाही."

मला राग आला. नव्वद पिणारा मला शिकवतो! म्हटलं, तुला मुलगी असती तर कळलं असतं. तो वाटी तशीच ठेवून उठून गेला. त्याला मुलगी होती गं. मला माहीत होतं. जीभ आहे की सुरी, मलाच कळत नाही हल्ली.

भाजी आणायला मागच्या गल्लीने जाते. लांब पडतं, पण पाय मोकळे होतात. जुनी दोन-चार तोंडं भेटतात तिथे, मी कोणाशी बोलत नाही.

तुझ्या पोटाचा फोटो पाठव. बाळ लाथा मारतं का? मारू दे. आजीवर गेलंय.

आई


२७ मे

आ-तुंग,

वीसवर आले. झालंच आता.

सर्दी गेली. झोप छान लागते. पायही शांत आहेत. उगाच घाबरले होते मी. आज बसून लिहितेय, बघ, अक्षर सरळ आलंय.

फोटो मिळाला. छान आहे.

सगळं छान आहे. थोडी थकले आहे म्हणून आज एवढंच.

आई


९ जून

आ-तुंग,

मागच्या पत्रातलं एक अक्षरही खरं नव्हतं. वीसचा आकडा सोडून.

झोप छान लागत होती कारण मी पावडर घेत होते. वीस मेपासून. त्या मागच्या गल्लीत. आधी वाटलं एकदाच, पायांसाठी, फक्त एक रात्र अंग जागेवर राहावं म्हणून. मग रोज. एकोणीस वर्षं हात लावला नव्हता, आणि लावला तो स्वच्छ व्हायच्या नादात. खिडकीवर माझा आकडा उतरत होता, रांगेत लोक पाठ थोपटत होते, आणि मी तिथून निघून सरळ गल्लीत जात होते. शाब्बास गं बाई, मीच मला म्हणत होते, शाब्बास.

एक जूनला दुकानातल्या संडासात पडले. जुन्या सवयीने जुन्या मापाचं घेतलं. अंगाची ताकद तेवढी राहिली नव्हती. पंच्याहत्तरवर होते तेव्हा ते औषधच मला धरून होतं, वीसवर काय धरणार? श्वास थांबत आला होता म्हणे. ओठ निळे. कुन पेज खायला आला होता. भांडण झालं तरी येतच होता तो, फक्त माझ्याकडून वाढून घेत नव्हता. मी बराच वेळ बाहेर आले नाही म्हणून त्याने दार तोडलं, माझ्या तोंडात फुंकर घालत राहिला, चोई मालकाने गाडी बोलावली. इस्पितळात सुई देऊन मला परत आणलं.

शुद्धीवर आले तर कुन बाजूला बसलेला. मी वाट बघत होते की आता शिव्या देईल. म्हणाला, "पंच्याहत्तर पीत होतीस तेव्हा अख्ख्या गल्लीला पेज घालत होतीस. वीसवर आलीस तेव्हा संडासात मेलीस. आता सांग, स्वच्छ कधी होतीस?"

मी चादर तोंडावर ओढून घेतली.

मग म्हणाला, "माझ्या पोरीसाठी मीसुद्धा शून्य झालो होतो. सव्वीस दिवस. सत्ताविसाव्या दिवशी तिने मला फूटपाथवर पाहिलं. नंतर तिने बघायचंच सोडलं." एवढं बोलून तो उठला आणि माझ्यासाठी गरम पाणी आणायला गेला.

आ-तुंग, मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तू पोटुशी आहेस, खरं तर हे लिहायलाच नको होतं. पण नाही लिहिलं तर तू दहा ऑगस्टला विमानतळावर उभी राहशील आणि दारातून कोण बाहेर येईल ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर याउंनी मला रागावलं नाही. पुन्हा वर चढवतायत. एकदम नाही, तीसपासून, चार-पाच दिवसांनी पाच पाच. या वेळी आकड्यावरून भांडले नाही. जो आकडा देतील तो पितेय.

शिव्या द्यायच्या तर दे. नाहीतर नुसता कोरा कागद पाठव, म्हणजे पत्र मिळालं एवढं कळेल.

आई


१९ जुलै

आ-तुंग,

कोरा कागदही आला नाही. सहा आठवडे होत आले.

मी तरी लिहितेय. काय करू, टपालाची पेटी उघडते आणि विजेचं बिल निघतं.

मी ऐंशीवर आहे. हो, आधीपेक्षा पाच जास्त. पंच्याहत्तरवर आले तेव्हा पहाटे चारला अजून घाम फुटत होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पूर्वीही कदाचित थोडं कमीच पडत असेल, तुम्ही सांगितलं नसेल." खरंय. एकोणीस वर्षं पहाटेचा घाम मी चुलीच्या नावावर खपवला. वाढवून मागायची लाज वाटायची. ऐंशीवर घाम थांबला. पाय जागेवर आहेत. मीठ एकदाच पडतं पिठात.

वाटेत चाळीसवर पाच दिवस होते आणि पंचेचाळीसवर चार. पहिल्या दिवशी पेला हातात धरून नुसती उभी राहिले. मागून कुन म्हणाला, "पी गं, खऱ्या मरणाला भेटून आलीस तू, त्याच्या नावाला घाबरतेस कसली?" प्यायले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पेज शिजवली.

आता रांगेत मला कोणी मान देत नाही. वीसवाला साहेब माझ्याशी बोलतच नाही. आकडा विचारला की मी ऐंशी म्हणून सांगते, जरा मोठ्यानेच. सुरुवातीला कान तापायचे.

तर मुद्द्यावर येते. किती टाळला तो.

मी शून्य होऊन येणार नाही. दहा ऑगस्टला नाही, पुढल्या वर्षी नाही, बहुतेक कधीच नाही. मी येईन तर ऐंशी पिऊन येईन, आणि तिथेही रोज ऐंशी पिईन. तुला तसली आई घरात नको असेल तर तो तुझा हक्क आहे. मी रडेन, कुन ऐकून घेईल, आणि तुझ्यासाठी आलं-शिर्का कसा करायचा ते सगळं मापासकट लिहून पाठवीन. पण खोटी स्वच्छ आई मी तुझ्याकडे पाठवणार नाही. ती एकदा येऊन गेली तुझ्या दारात. साखळी काढून तू तिला आत घेतलंस, आणि ती माणूस नव्हतीच, नुसती थाप होती.

यायचंच झालं तर एक वाट आहे. डॉक्टर याउंनी चिठ्ठी दिलीये, मी कोण, किती वर्षं, किती मिलिग्रॅम, सगळं लिहून. तिथला कोणी डॉक्टर तयार झाला तर तिथल्या औषधाच्या दुकानातून रोज मिळू शकतं म्हणे. पण त्यासाठी तिथल्या माणसाने आधी जाऊन विचारावं लागतं. इथून ते होत नाही. म्हणजे तुला जावं लागेल. परक्या लोकांसमोर उभं राहून, पोट पुढे घेऊन, सांगावं लागेल की हे माझ्या आईसाठी हवंय.

हे मी तुझ्याकडे मागू शकते का, मला माहीत नाही. शाळेत तू सगळ्यांना सांगायचीस की तुझी आई मकावला नोकरी करते. मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. मला राग नव्हता आला. मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

तरी मागतेय. मला यायचंय गं. तुझे केस बारा दिवस धुऊ द्यायचे नाहीत आणि तू माझ्याशी भांडायचं, एवढं एकदा व्हायला हवंय मला. त्या बाळाला आंघोळ घालायचीय. माझे हात आता थरथरत नाहीत.

चिठ्ठीची प्रत सोबत जोडलीये. तुला वाटलं तर वापर, नाहीतर फाड.

आई


६ ऑगस्ट

आ-तुंग,

तुझं पत्र आज आलं. हे उत्तर तातडीच्या टपालाने पाठवतेय, म्हणजे माझ्या आधी पोहोचेल. सात पानं! मला वाटलं, सात पानं म्हणजे सात पानी नकार. दुकानात उघडायची हिंमत झाली नाही. कुनला म्हटलं, तू वाच. तो म्हणाला, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावला तरी तुझ्या पोरीचं मी वाचणार नाही." मग मी वाचलं.

पहिली तीन पानं मला पाठ झाली आहेत, ती मी इथे परत लिहीत नाही. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पालकसभेपेक्षा वाईट गोष्टी तुला आठवतात, त्यातल्या दोन मला आठवतसुद्धा नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. मी आले की पुन्हा तोंडावर सांग. मी उठून जाणार नाही.

पण चौथं पान. (चौथंच निघालं बघ.)

तू पहिल्या दुकानात गेलीस, त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्यात आत गेलीस आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर आलीस. घरी जाऊन आ-होशी भांडलीस. मग दोन दिवसांनी तिसऱ्या दुकानात गेलीस. तिथल्या बाईने विचारलं, कोणासाठी? तू म्हणालीस, आईसाठी. तिने विचारलं, किती? तू म्हणालीस, ऐंशी. आणि तिने ते लिहून घेतलं. तोंड वाकडं केलं नाही, वर बघितलंही नाही. नुसतं विचारलं, "तुमच्या आईला पाण्याबरोबर लागतं का?" आणि तू तिथे सगळ्यांसमोर रडलीस. तिने तुला बसायला खुर्ची दिली आणि एका डॉक्टरचा पत्ता दिला. त्या डॉक्टरने याउ साहेबांशी फोनवर बोलून घेतलं.

हे मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही.

डॉक्टर याउंना सांगितलं तर ते दोनदा म्हणाले, "झालं? खरंच झालं?" मग चष्मा पुसत बसले. प्रवासापुरतं औषध कागदपत्रांसकट ते देणार आहेत, पहिल्यांदाच माझ्या हातात. बाटलीला हात लावायचीसुद्धा भीती वाटतेय. सिट बाईंनी विचारलं, "परत कधी येणार?" म्हटलं, बाळंतपणाचा महिना झाला की. माझं कार्ड टाकून देऊ नका.

तू विचारलंस की रविवारचं कसं करायचं. तिथलं औषधाचं दुकान रविवारी बंद, म्हणून रविवारचा पेला ते शनिवारीच घरी न्यायला देतात. एकोणीस वर्षांत माझं औषध कधी कुठल्या घरात राहिलेलं नाही. आणि तू लिहितेस की आ-होने कुलपाची लोखंडी पेटी आणली आणि स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठोकून बसवली, बाळाचा हात पोचणार नाही अशी. तुझ्या घरात. ज्या घरात एक थेंब नको होता.

दोन चाव्या आहेत म्हणतेस, एक मला देणार.

देऊ नकोस. दोन्ही तुझ्याकडे ठेव. शनिवारी मी मागितली, गोड बोलले, रडले, पाय दुखतात म्हटलं, तरी देऊ नकोस. मी चांगली दिसत असले तर अजिबातच देऊ नकोस. रविवारी सकाळी तू स्वतः उघड, पेल्यात ओत, आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहा.

आई